मान, आयाळ आणि हरवलेला जबडा: जुन्या छायाचित्रातील एका सागरी प्राण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील जुन्या अल्बममध्ये एक लहान कृष्णधवल छायाचित्र सापडले आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत एक मोठे धूड पडलेले आहे. त्याला लहानसे डोके, लांब मान, पाठीवर केसांसारखे काहीतरी आणि पायांसारख्या अवयवांच्या दोन जोड्या दिसतात. मागे तीन माणसे उभी आहेत. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने ‘समुद्रातला राक्षस, ४० फूट’ एवढेच लिहिलेले आहे. स्थळ, साल किंवा छायाचित्र काढणाऱ्याचे नाव नाही. हा प्राणी कोणता, आणि तो विज्ञानाला अजून माहीत नसलेला असू शकेल का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हे बहुधा बास्किंग शार्क या प्रचंड माशाचे कुजलेले कलेवर आहे, आणि त्याची लांबी ४० फुटांच्या निम्म्याहून फारशी जास्त नसावी. सागरी प्राण्यांचे नमुने तपासण्याच्या कामात माझी पंचवीसेक वर्षे गेली आहेत, आणि या काळात अशी छायाचित्रे माझ्यासमोर पुष्कळ आली. त्यांतील ज्यांना ‘राक्षस’ म्हटलेले असते, त्यांपैकी बहुतेकांना अशीच लांब मान आणि अशीच आयाळ असते. याचे कारण असे की आपण जे पाहतो तो प्राण्याचा आकार नसून त्याच्या कुजण्याचा आकार असतो. म्हणून ‘छायाचित्रात काय दिसते’ यापेक्षा ‘या शरीराचे काय गळून गेले आहे’ हा प्रश्न मी आधी विचारतो. मात्र तिथे पोहोचण्यापूर्वी छायाचित्राकडे केवळ एक वस्तू म्हणून पाहावे लागते, आणि त्या पायरीवर घाई केली की पुढचे सगळेच चुकते.

आपण कळवल्याप्रमाणे छायाचित्राचा आकार साधारण ८ × ५.५ सेंटिमीटर आहे आणि कडा नागमोडी कापलेल्या आहेत. १९०१ साली बाजारात आलेल्या १२० क्रमांकाच्या फिल्मवर जे मोठे निगेटिव्ह मिळत असे, जवळपास त्याच मापाची ही प्रत आहे. म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट छापलेली ती कॉन्टॅक्ट प्रत असावी. याचा फायदा दुहेरी आहे. एक तर अशा प्रतीत तपशील बराच टिकून असतो. आणि दुसरे म्हणजे मोठे करून छापताना कोणी कडा छाटून टाकल्या असण्याची शक्यता कमी होते. छाटणीमुळे काय घडते याचे प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवरातल्या कथित राक्षसाचे आहे. १९३४ साली वृत्तपत्रात छापून आलेले लांब मानेचे ते छायाचित्र छाटलेले होते. मूळ चौकटीत आजूबाजूचे पाणी पुष्कळ दिसते आणि पाण्यावरच्या लाटा पाहिल्या की ‘मान’ किती लहान आहे हे लक्षात येते. ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली बनावट मान होती, हे १९९४ मध्ये उघड झाले.

कागदाचा काळ ठरवण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाचा लहान दिवा छायाचित्राच्या पाठीवर धरावा. साधारण १९५० नंतरच्या छायाचित्रांच्या कागदांत चकाकी वाढवणारी रसायने मिसळू लागले, त्यामुळे असा कागद निळसर पांढरा उजळतो. आपला कागद उजळला, तर ही प्रत त्याआधीची नव्हे. उजळला नाही, तर मात्र त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरही सगळ्याच कागदांत ती रसायने नव्हती. प्रतीच्या पाठीवर पोस्टकार्डासारखी मधोमध रेघ असती, तर आणखी मदत झाली असती. पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली आणि अमेरिकेत १९०७ साली मिळाली, त्यामुळे मधल्या रेघेचे कार्ड त्या त्या देशात त्याआधीचे नसते.

पाठीवरच्या मजकुराला मी साक्षीदाराच्या जबानीइतकेच महत्त्व देतो. तो कधी लिहिला, कोणी लिहिला आणि ऐकून लिहिला की पाहून, हे ठाऊक नसते. एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. लाओस आणि थायलंडमध्ये एक छायाचित्र वर्षानुवर्षे विकले जात होते. त्यात एका ओळीत उभ्या असलेल्या सैनिकांनी एक लांबलचक चंदेरी प्राणी हातांवर तोलून धरलेला आहे. ती मेकाँग नदीत १९७३ साली सापडलेली नागांची राणी आहे, असे त्याखाली छापलेले असे. प्रत्यक्षात ते छायाचित्र १९९६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काढलेले आहे, त्यातली माणसे अमेरिकी नौदलाची आहेत, आणि हातांवरचा प्राणी म्हणजे सुमारे ७ मीटर लांबीचा ओअरफिश हा खोल समुद्रातला मासा आहे. छायाचित्र खरे, प्राणी खरा, माणसेही खरी. खोटी होती ती फक्त खालची ओळ.

आता ४० फुटांकडे वळू. बहुतेक जण मागच्या माणसांच्या उंचीशी प्राण्याची लांबी ताडून पाहतात आणि तिथेच फसतात, कारण माणसे प्राण्याच्या मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून अधिक दूर उभी असतात. आपण पाठवलेल्या प्रतीवर मी मोजून पाहिले. माणसांची उंची साधारण १२ मिलिमीटर भरते आणि प्राण्याची लांबी ६२ मिलिमीटर. माणूस १.७ मीटर उंच धरला, तर या हिशेबाने प्राणी जवळजवळ ८.८ मीटरचा, म्हणजे २९ फुटांचा होतो. पण छायाचित्रात समुद्राची क्षितिजरेषा स्वच्छ दिसते आहे, आणि तिचा एक चांगला उपयोग करता येतो. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला क्षितिजरेषा नेमकी कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते, मग ती वस्तू जवळ असो वा दूर. इथे ती रेषा माणसांच्या छातीवरून जाते. म्हणजे कॅमेरा जमिनीपासून सुमारे १.३ मीटर उंचीवर धरलेला होता. त्या काळी कॅमेरा छातीशी धरून वरून पाहत, त्याच्याशी हे जुळते. आता प्राणी जिथे वाळूला टेकला आहे, तिथून क्षितिजरेषेपर्यंतचे उभे अंतर मोजले तर ते १४ मिलिमीटर भरते. म्हणजे प्राण्याच्या जागी १४ मिलिमीटर म्हणजे १.३ मीटर. त्या प्रमाणात ६२ मिलिमीटरची लांबी सुमारे ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट होते. प्राणी कॅमेऱ्याला तिरका पडलेला असेल, तर खरी लांबी यापेक्षा थोडी जास्त असेल. वाळू समुद्राकडे उतरती असेल, तर आणखी थोडा फरक पडेल. तरीही ४० फूट कोणत्याही वाटेने येत नाहीत. लिहिणाऱ्याने मुद्दाम वाढवून लिहिले, असे मी म्हणणार नाही. मेलेल्या मोठ्या प्राण्यासमोर उभे राहिल्यावर त्याची लांबी डोळ्यांना नेहमीच जास्त वाटते, आणि हा अनुभव मलाही नवा नाही.

रंगछटांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ‘पाठ काळी आणि पोट पांढरे आहे, म्हणजे देवमासा’ असा तर्क वारंवार ऐकू येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास वापरली जाणारी फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. तांबडी वस्तू तिच्यावर काळी उमटत असे आणि निळी वस्तू प्रत्यक्षापेक्षा फिकट. ओअरफिशच्या डोक्यावरचा लालभडक तुरा अशा छायाचित्रात काळाकुट्ट दिसेल. उघडे पडलेले तांबूस मांस काळ्या कातडीसारखे भासेल. म्हणून जुन्या कृष्णधवल छायाचित्रात छटांवरून मी कातडी, चरबी आणि मांस यांतला फरक ठरवत नाही. पोत आणि कडा पाहतो. रंगीत छायाचित्रांची स्थिती याहून बरी असते असेही नाही. अल्बममध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या जुन्या रंगीत प्रतींतील निळसर रंगद्रव्य आधी उडते आणि सगळे दृश्य लालसर होऊन बसते.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे निगेटिव्ह उलटे ठेवून छापले गेले आहे का. तसे झाले की डावे उजवे होते. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही; पण स्पर्म व्हेलचे श्वासरंध्र डोक्याच्या पुढच्या टोकाला डावीकडे असते, फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो, नारव्हालचा सुळा बहुतेक वेळा डाव्या बाजूचा असतो, आणि चपट्या माशांच्या जातींत दोन्ही डोळे कोणत्या बाजूला आहेत यावरच ओळख अवलंबून असते. छायाचित्रात एखादी पाटी किंवा होडीवरचा क्रमांक असेल, तर उलटसुलट लगेच कळते. आपल्या छायाचित्रात तसे काही नाही. पण मधल्या माणसाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आलेली दिसते, आणि पुरुषांचे कोट तसेच शिवलेले असतात, तेव्हा प्रत सुलट असावी.

एवढे झाल्यावर आता प्राण्याकडे पाहू. बास्किंग शार्क हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा आहे. पूर्ण वाढलेला मासा साधारण ६ ते ८ मीटरचा असतो आणि क्वचित त्याहूनही पुष्कळ मोठा होतो. तोंड प्रचंड उघडून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणे हा त्याचा आहार, त्यामुळे त्याचा खालचा जबडा आणि डोक्याला जवळजवळ वेढून टाकणाऱ्या कल्ल्यांच्या कमानी अवाढव्य असतात. पण हा सगळा सांगाडा कूर्चेचा आहे आणि कवटीला तो सैलसरच जोडलेला असतो. मेल्यावर काही दिवसांत जबडा आणि कल्ल्यांच्या कमानी एकत्रच गळून पडतात. उरते ती आतली लहानशी कवटी आणि तिच्या मागचा उघडा पडलेला कणा. म्हणजे डोके लहान झाले आणि मान तयार झाली. शेपटीचेही तसेच होते. शार्कचा कणा शेपटीच्या फक्त वरच्या पाळीत शिरतो. खालच्या पाळीला कण्याचा आधार नसल्याने ती आधी कुजून जाते आणि मागे एक लांब, निमुळते, टोकाशी किंचित वर वळलेले शेपूट राहते. पाठीवरचा पर उसवला की त्याला आधार देणारे शिंगासारखे कडक तंतू मोकळे होतात आणि आयाळ दिसू लागते. छातीचे आणि पोटाखालचे पर चिवट असल्याने बराच काळ टिकतात, तेच ‘पाय’. मासा नर असेल, तर पोटाखालच्या परांना लागून असलेले दोन लांब मैथुनदंड हे पायांची तिसरी जोडी म्हणून मोजले जातात.

१८०८ साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपैकी स्ट्रॉन्से येथे असेच एक कलेवर किनाऱ्याला लागले होते. पाहणाऱ्यांनी त्याची लांबी ५५ फूट सांगितली, सहा पाय मोजले आणि मानेवर आयाळ असल्याचे शपथेवर सांगितले. त्या प्राण्याला नवे शास्त्रीय नावही देऊन झाले. लंडनमध्ये एव्हरर्ड होम यांनी मात्र जपून ठेवलेले मणके बास्किंग शार्कच्या मणक्यांशी ताडून पाहिले आणि तो शार्कच असल्याचे सांगितले. सहा पाय मोजणारी ती माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. फक्त काय गळून गेले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

आपल्या छायाचित्रात माझे लक्ष सर्वांत आधी ‘माने’च्या मधल्या भागाकडे गेले. तिथे कातडी फाटलेली आहे आणि आत सारख्या आकाराच्या गोल चकत्या एकापुढे एक ओळीने रचल्यासारख्या दिसतात. शार्कचा मणका डमरूसारखा असतो: गोल, दोन्ही बाजूंनी खोलगट, आणि कुजल्यानंतर त्यावर लांब हाडकांचे फाटे राहत नाहीत. देवमाशाच्या मणक्याला वर आणि दोन्ही बाजूंना मोठे पंख्यासारखे फाटे असतात आणि ते अर्धवट उघड्या शरीरातूनही बाहेर डोकावतात. शिवाय देवमाशाला मानेचे मणके सातच असतात आणि ते आखूड, बरेचदा एकमेकांत जुळून गेलेले असतात; त्यांची लांब मान होऊ शकत नाही. इथे तर कवटीपासून फुगीर भागापर्यंत मला निदान वीस चकत्या मोजता आल्या. दुसरी गोष्ट पुढच्या ‘पाया’ची. त्याची कड झाडूसारखी विस्कटलेली आहे. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या अवयवात हाताची आणि बोटांची खरी हाडे असतात. ते कुजले की बोटांचे सांधे उघडे पडतात, झाडू होत नाही.

प्राचीन काळातला प्लिसिओसॉर अजून जिवंत असावा, ही कल्पना आपण प्रश्नात दबकत का होईना मांडली आहे, म्हणून त्याबद्दलही सांगतो. हे सरपटणारे प्राणी ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, आणि त्यानंतरच्या खडकांत त्यांचे अवशेष मिळत नाहीत. पण तेवढ्यावर न थांबता छायाचित्रापुरते बोलायचे, तर प्लिसिओसॉरच्या पोटाकडील बाजूला खांद्याची आणि कमरेची हाडे रुंद पत्र्यांसारखी असतात आणि बरगड्या भक्कम असतात. असे शरीर कुजून अर्धे उघडे पडले, तर मधला भाग पिंजऱ्यासारखा दिसायला हवा. आपल्या छायाचित्रात तो रिकाम्या पोत्यासारखा बसलेला आहे.

हीच चर्चा १९७७ साली एकदा जगभर होऊन गेली आहे. त्या वर्षी २५ एप्रिलला न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या पूर्वेला झुइयो मारू या जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून एक कलेवर वर आले. लांबी सुमारे १० मीटर, वजन सुमारे १,८०० किलो, लांब मान, लहान डोके आणि चार ‘वल्ही’. पकडलेली मासळी खराब होईल या भीतीने ते पुन्हा समुद्रात टाकून देण्यात आले. पण त्याआधी जहाजावरील एकाने काही छायाचित्रे घेतली, मापे टिपली आणि पराचे काही कडक तंतू कापून ठेवले. छायाचित्रे पाहून अनेकांनी प्लिसिओसॉरचा निर्वाळा दिला. तंतूंची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांतील अमिनो आम्लांचे प्रमाण बास्किंग शार्कच्या परांतील तंतूंशी जुळले. छायाचित्रांवरून वाद चालू राहिला असता. बोटभर तंतूंनी तो मिटवला.

आता देवमाशाची बाजूही मांडतो, कारण माझे मत चुकलेच तर ते याच दिशेने चुकेल. १९२५ साली कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळच्या किनाऱ्यावर लांब मानेचा आणि बदकासारख्या चोचीचा एक प्राणी लागला. त्याची छायाचित्रे आजही पाहिली की क्षणभर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेसमधील तज्ज्ञांनी कवटी तपासली आणि तो बेअर्डचा चोचदार देवमासा असल्याचे ठरवले. मान म्हणून जी दिसत होती, ती कातडी आणि चरबी सुटून पिळवटलेल्या शरीराची लांबण होती. त्या प्रकरणात कवटी मिळाली म्हणून उत्तर मिळाले.

काही कलेवरांत तर कवटी, कणा काहीच उरत नाही. उरतो फक्त पांढरट, रबरासारखा, तंतुमय गोळा. देवमाशाच्या चरबीच्या थरात कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे घट्ट जाळे असते. हाडे बुडतात, तेल निथळते आणि हे जाळे एकटेच तरंगत किनाऱ्याला लागते. दक्षिण आफ्रिकेत मार्गेट येथे १९२४ साली असा एक गोळा लागला आणि पांढऱ्या लोकरीच्या, सोंडेच्या राक्षसाची कथा त्यातून जन्मली. त्याची छायाचित्रे नाहीतच, असे कित्येक दशके मानले जात होते. २०१० मध्ये ती उजेडात आली, आणि लोकर म्हणजे उसवलेले तंतू हे पाहताक्षणी कळले. अशा वेळी ‘हा देवमाशाच्या चरबीचा अवशेष आहे’ इथेच थांबायचे असते. जात सांगण्याचा मोह आवरावा.

हा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही, हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ अॅडिसन व्हेरिल यांच्या दोन अनुभवांवरून दिसते. १८७३ च्या अखेरीस न्यूफाउंडलंडमध्ये मोझेस हार्वी या धर्मोपदेशकाला कोळ्यांकडून एक प्रचंड म्हाकूळ मिळाला. त्याने त्याचे डोके आणि भुजा आपल्या स्नानाच्या टबावरील दांडीवर लटकवून छायाचित्र काढून घेतले. त्या छायाचित्राचा आणि मिळालेल्या अवशेषांचा आधार घेऊन व्हेरिल यांनी महाकाय म्हाकुळांच्या अभ्यासाचा पाया रचला. पुढे १८९६ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनच्या किनाऱ्यावर एक अवाढव्य गोळा सापडला. त्याची वर्णने आणि छायाचित्रे पाहून याच व्हेरिल यांनी तो महाकाय ऑक्टोपस असल्याचे जाहीर केले आणि त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष तुकडे हाती आल्यावर त्यांनी ते मत मागे घेतले आणि तो देवमाशाचा भाग असल्याचे सांगितले. नंतरही कित्येक दशके ऑक्टोपसचे समर्थक होते; शेवटी १९९५ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासण्यांतून ते देवमाशाचे कोलॅजेन असल्याचे स्पष्ट झाले. तोच अभ्यासक, तेच साधन, आणि निकाल मात्र विरुद्ध. फरक इतकाच, की पहिल्या छायाचित्रात भुजा, चूषक आणि डोके यांची मोजदाद करता येत होती, आणि दुसऱ्यात मोजण्यासारखे काही नव्हतेच.

माझीही एक फजिती सांगून टाकतो. एका जुन्या छायाचित्रातील लहान कलेवराची शेपटी वाळूवर आडवी पसरलेली पाहून मी ते डॉल्फिन असल्याचे कळवून मोकळा झालो. देवमासे आणि डॉल्फिन यांची शेपटी आडवी असते, माशांची उभी, हे शाळेत शिकलेले. पण मासा कुशीवर पडला की त्याची उभी शेपटीही वाळूवर आडवीच दिसणार, आणि तो कुशीवर पडला आहे हे सांगणारा डोळा नेमका सावलीत होता. दुसऱ्या प्रतीत कल्ल्यांच्या फटी दिसल्या, तेव्हा मला पत्र लिहून मत बदलावे लागले. तेव्हापासून शरीर कोणत्या अंगावर पडले आहे हे ठरवल्याशिवाय मी शेपटीकडे पाहत नाही.

राहिला अज्ञात प्राण्याचा प्रश्न. समुद्रात मोठे, अनोळखी प्राणी उरलेलेच नाहीत, असे मी म्हणत नाही. मेगामाउथ शार्क १९७६ साली हवाईजवळ एका जहाजाच्या समुद्री नांगरात अडकून प्रथम सापडला आणि १९८३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. सीलकँथ हा नामशेष समजला गेलेला मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत मिळाला, तेव्हा तिथल्या एका संग्रहालयातील मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी पाठवलेले साधे रेखाचित्र पाहून माशांचे अभ्यासक जे. एल. बी. स्मिथ यांना तो ओळखता आला. पण या दोन्ही वेळी हाती संपूर्ण प्राणी होता, आणि तो ताजा किंवा निदान ओळखू येण्याइतका शाबूत होता. कुजलेल्या कलेवराच्या एकट्या छायाचित्रावरून नवी जात सिद्ध करता येत नाही.

पुढे काय करावे, याबद्दल थोडेसे. छायाचित्र अल्बमच्या पानावर चिकटवलेले असेल, तर ओढून काढू नये आणि ओल्या कापडाने पुसू नये. शक्य असल्यास पुढची आणि मागची बाजू १२०० डीपीआयवर स्कॅन करावी, कडांसकट, आणि फाइल टिफ स्वरूपात ठेवावी. पाठीवरची पेन्सिल पुसट असेल, तर खोलीतला दिवा मालवून टॉर्च कागदाला अगदी समांतर धरावी. शिसे उडाले तरी पेन्सिलीने उमटवलेली खाच बऱ्याचदा वाचता येते, आणि तिथे एखादे गावाचे नाव मिळाले, तर त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांचे अंक चाळता येतील. स्कॅन केलेली प्रत ठळक करून देणाऱ्या स्वयंचलित साधनांतून मात्र कृपया काढू नये. ही साधने नसलेला तपशील अंदाजाने भरतात. एका गृहस्थांनी मला अशी ‘सुधारलेली’ प्रत पाठवली होती, तिच्यात प्राण्याच्या तोंडात सुबक दात होते; मूळ प्रतीत त्या जागी वाळूतले शिंपले होते.

त्याच घरात एखादा मणका, दात, वाळलेल्या कातडीचा तुकडा असे काही जपून ठेवलेले असेल, तर छायाचित्रापेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे. डमरूसारखा मणका असेल, तर प्रयोगशाळेत न जाताही निर्णय होईल. बाकी गोष्टींसाठी कोरड्या हाडातून डीएनए मिळवण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे. तो तुकडा धुऊ नये, त्याला वार्निश लावू नये.

माझे मत मी आज ‘बहुधा बास्किंग शार्क’ असे नोंदवतो आहे. ‘बहुधा’ हा शब्द दोन कारणांनी ठेवला आहे. मानेतल्या चकत्या मी आपण पाठवलेल्या लहान प्रतीवरून मोजल्या आहेत, आणि एवढ्या लहान आकारात फाटलेल्या कातडीच्या सावल्याही चकत्यांसारख्या दिसू शकतात. दुसरे कारण उजव्या कोपऱ्यातले आहे. तिथे, तिसऱ्या माणसाच्या सावलीत, शेपटीचे टोक लपले आहे. मोठ्या स्कॅनमध्ये ते वर वळलेले आणि एकाच पाळीचे निघाले, तर ‘बहुधा’ काढून टाकता येईल. पुढच्या पायात बोटांचे सांधे दिसले, तर मला शार्क सोडून चोचदार देवमाशांकडे वळावे लागेल. तेव्हा संपूर्ण स्कॅन व्हायला वेळ लागणार असेल, तर हे दोन तुकडे आधी पाठवावेत.